वहिनीनं पाहिलेल्या सुरुवाती

माझ्या वहिनीनं ढीगभर थ्रिलर पाहिलेत, पण एकाचाही शेवट पाहिलेला नाही.

याचं कारण मीच. अमरावतीच्या एका कॉलेजात मी सिनेमा शिकवते. लग्न केलं नाही, भावाच्या घरी पुढच्या खोलीत राहते. वर्गात दाखवायचे सिनेमे मी आधी घरी बघून घेते. दुपारी पडदे ओढायचे, भिंतीवर प्रोजेक्टर लावायचा. वहिनी मेथी नाहीतर गवार घेऊन माझ्या पलंगाच्या कडेला येऊन बसते. मला शिकवायची असते फक्त सुरुवात, म्हणून तेवढाच भाग पुन्हा पुन्हा चालतो. तोवर भाजी निवडून होते आणि ती उठते. पुढं काय झालं, हे तिनं मला कधीच विचारलं नाही. जाता जाता भिंतीकडे बोट दाखवून निकाल मात्र देते, "ताई, हाच हाय. पाहा कसा हसून राहिला."

मुलांना मी सांगते, थ्रिलरची सुरुवात माणसाची ओळख करून देत नाही, त्याच्याबद्दल मत बनवून देते. चित्राच्या आधी आवाज येतो. मग वरून दिसणारं शहर, त्यातली एक उजेडाची खिडकी. हात दिसतात, बूट दिसतात, किल्ल्या दिसतात. तोंड दिसत नाही. ज्याचं तोंड दाखवायचं टाळलं तो आपल्यासाठी गुन्हेगार झालाच, त्यानं अजून काही केलं नसलं तरी. आणि घरात एकटी बाई गुणगुणत कपड्यांच्या घड्या घालत असेल, तर तिचं काही खरं नसतं. तिचं नाव कळायच्या आत ती जाते.

मग मी मुलांना स्वतःची सुरुवात चित्रित करून आणायला सांगते. दरवर्षी तेच येतं: काळी हुडी. अमरावतीच्या मार्च महिन्यात, जिथं अंगात साधा सदरा नकोसा होतो, तिथं ही पोरं टोपी ओढून, घामानं निथळत बोळातून चालतात. आणि संशयित कोण? भंगारवाला, नाहीतर वॉचमन. चांदूर बाजारची एक मुलगी होती, तिचे वडील गोदामावर वॉचमन. ती एकदा उठून म्हणाली, "मॅडम, सगळ्याईच्या पिक्चरमंदी वॉचमनच काहून असते?" पुढच्या आठवड्यात तिनं स्वतःची सुरुवात आणली. लख्ख उन्हात तिचे वडील डबा उघडून जेवत होते, चेहरा सरळ कॅमेऱ्याकडे. संगीत नाही, सावली नाही. मग मागून एकजण म्हणाला, "इतका साधा दाखवला म्हणजे यानंच केला असंल." सगळे हसले. ती हसली नाही. तो म्हणाला तेच माझ्याही मनात आलं होतं.

हे सगळं डोक्यात असताना माझ्या पुतणीसाठी अकोल्याचं स्थळ आलं.

पुतणी म्हणजे भावाची एकुलती एक मुलगी. एका खाजगी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. बोलते कमी, पण जे बोलते ते ठरवून. मुलगा अकोल्यात ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवायचा, घर जठारपेठेत. पहिली भेट व्हिडिओ कॉलवर झाली. पडद्यावर मुलगा आणि त्याची आई. मुलगा नीट बोलला, कुठं बढाई नाही. आईही सभ्य, जरा थकलेली वाटली. भावानं विचारलं, "मुलाचे वडील नाही दिसले?"

"आहेत घरीच," आई म्हणाली, आणि लगेच पुतणीच्या ड्यूटीच्या वेळा विचारायला लागली.

तेवढ्यात त्यांच्या छतावरून काहीतरी जड सरकवल्याचा आवाज आला. मुलानं झटकन वर पाहिलं. आईनं पाहिलं नाही. पापणीसुद्धा हलवली नाही.

फोन ठेवल्यावर भाऊ खूश. "चांगले लोक आहेत," म्हणाला. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं, मी वहिनीकडे.

"आवाज आयकला, ताई?"

"ऐकला."

"थ्या बाईनं वर नाई पाह्यलं."

मला तेच खटकलं होतं. आवाज झाला की माणूस बघतोच. जो बघत नाही, त्याला तो कसला आहे हे ठाऊक असतं.

चौकशीला कुणाला तरी पाठवू, असं भाऊ म्हणत होता. वहिनीनं ऐकलं नाही. "दुसऱ्याच्या डोळ्यानं मले नाई पाह्यचं. आमीच जातो दोघी." तिथं आपण कोण हे सांगायचं नाही, भाड्यानं खोली शोधतोय म्हणायचं, असं आमचं ठरलं.

एसटीत बसलो तोच वहिनीनं मला कोपर मारलं. मागच्या बाजूला एक माणूस बसला होता. रंगानं काळा, मिशा पांढऱ्या, डोळ्यांवर काळा गॉगल. मांडीवर कापडी पिशवी, आणि ती त्यानं दोन्ही हातांनी धरून ठेवलेली.

"काल हा आपल्या गल्लीत होता," ती माझ्या कानाशी कुजबुजली. "दळन घेऊन येताना पाह्यला मी. किराना दुकानाशी उभा होता, अन आपल्या फाटकाकडं पाहून राहिला होता."

"दुसरा कोणी असेल."

"मिशा त्याच हायेत, ताई."

मी मागे वळून पाहिलं तर त्यानं मान खिडकीकडे फिरवली. मी मुलांना शिकवते ते सगळं त्या एका माणसात गोळा झालं होतं, गॉगल, मिशा, न सोडलेली पिशवी. हे कळत असूनही मी माझी पर्स मांडीवर ओढून घेतली. शिकवणं वेगळं आणि बदनेऱ्याच्या पुढं रिकाम्या रस्त्यावर आपल्या मागे तो माणूस बसलेला असणं वेगळं.

मूर्तिजापूरला गाडी थांबली. तो उतरला, चहाच्या टपरीमागे गेला आणि आमच्याकडे पाठ करून फोनवर बोलायला लागला. बोलता बोलता वळला, आम्ही बसलो होतो ती खिडकी पाहिली, पुन्हा पाठ केली. वहिनीनं चहा घेतलाच नाही. "कोनाले तरी सांगून राहिला तो, आपन येऊन राहिलो म्हनून."

अकोल्याला तो आमच्या आधी उतरून गर्दीत दिसेनासा झाला. आम्ही मुद्दाम थोडं थांबलो, एका दुकानात उगाच चादरी पाहिल्या, मग ऑटो करून जठारपेठेत गेलो. पत्ता होता त्या गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सचं दुकान होतं. वहिनीनं दुकानदाराला विचारलं, "भाऊ, इकडं भाड्यानं खोली भेटंल का कुठी?"

तो म्हणाला, "खोलीचं नाही माहीत, पण लोक फार चांगले आहेत. मुलगा तर एकदम सज्जन."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. पुढं पिठाच्या गिरणीवर एक बाई डबा घेऊन उभी होती. तिलाही खोलीचंच विचारलं. ती म्हणाली, "मास्तर लय साधा पोरगा हाय, बाई. सुपारी नाई, काई नाई." इस्त्रीवाल्यानं तर विचारायची वाटही पाहिली नाही. "आई गरीब गाय हाय," म्हणाला, आणि पुन्हा कपड्यावर पाणी मारायला लागला.

मुलाबद्दल आम्ही एक शब्द काढला नव्हता.

"पढवून ठेवलं सगळ्याईले," वहिनी म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. मुलीचं जमेल अशी आशा तिनंही धरली होतीच, ती जाताना मला तिच्या चेहऱ्यावर दिसली.

घर दुमजली, फिकट हिरवं. बाहेरून वर जाणारा जिना, आणि वर एक बंद दार. आम्ही समोरच्या कडुलिंबाखाली उभ्या राहिलो. खालच्या मजल्यावर पडदा हलला आणि खिडकी लागली. थोड्या वेळानं मुलाची आई बाहेर आली, व्हिडिओवर दिसली होती तीच. हातात झाकलेलं ताट. ती जिना चढली, ताट वरच्या पायरीवर ठेवलं, दारावर एकदा थाप मारली आणि मागे न बघता खाली आली. ती आत गेल्यावर दार थोडं उघडलं. एक हात बाहेर आला, पुरुषाचा, हाडं वर आलेला. ताट उचललं. दार बंद.

वहिनीनं माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर वळ दिसत होते. "तोंड नाई दाखवलं, ताई. पाह्यलं तुमी? तोंड नाई दाखवलं."

मी काही बोलणार तोच गल्लीच्या टोकाकडून तो आला. पांढऱ्या मिशा, गॉगल, पिशवी. सरळ त्या घराच्या फाटकाशी गेला, आणि कडी काढता काढता त्याला आम्ही दिसलो. त्यानं हात वर केला. "ओ बाई! ओ ताई, थांबा जरा!"

आम्ही थांबलो नाही. माझं वय चाळिशीच्या पुढं, वहिनीचे गुडघे दुखतात, तरी आम्ही जवळजवळ पळालोच. मागून त्याच्या चपलांचा आवाज येत होता. कोपऱ्यावर ऑटो मिळाला. वळून पाहिलं तेव्हा तो रस्त्याच्या मधोमध कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभा होता.

घरी येऊन वहिनीनं सगळं सांगितलं. भावाला आधी हसू आलं, मग त्यानं विचारलं, "पण वर कोण आहे?" वहिनी म्हणाली, "घरात मानूस कोंडून ठेवनाऱ्याईत माही पोरगी नाई देत मी." पुतणी जेवत होती. तिनं शेवटचा घास खाल्ला, हात धुतले आणि म्हणाली, "मी विचारते त्याला."

"फोनवर खोटं बोलंल तो."

"फोनवर नाही. भेटून."

दोघांच्या मधलं गाव म्हणून मूर्तिजापूर ठरलं. जाताना ती मला सोबत घेऊन गेली, एका अटीवर. "आत्या, तू बघायचं ते बघ. पण बोलू नकोस."

स्टेशनजवळच्या एका हॉटेलात मुलगा आधीच येऊन बसला होता. समोर पाण्याचा ग्लास, तोही अर्धा. मी बाजूच्या टेबलावर बसले. मी त्याचे बूट पाहिले, हात पाहिले, पुतणीशी बोलताना तो कुठं बघतो हे पाहिलं. सवयच तशी. बूट धुळीचे होते. हात टेबलाखाली होते, आणि मी लगेच मनात त्याची नोंद केली.

पुतणीनं आडवळण घेतलं नाही. "तुमच्या घरी वर कोण राहतं?"

त्यानं हात वर घेतले. "बाबा."

"मग ते त्या दिवशी समोर का नाही आले?"

"आई त्यांच्याशी बोलत नाही." तो थांबला. वेटर भजी ठेवून गेला, त्यांना कुणीही हात लावला नाही. "मी शाळेत होतो तेव्हा ते घर सोडून गेले. कुठं होते, आम्हाला माहीत नव्हतं. आईनं शिवणकाम करून मला शिकवलं. मागच्या वर्षी एक दिवस दारात येऊन उभे राहिले, आजारी. आईनं वरची खोली उघडून दिली. जेवण देते. बोलत नाही. त्यांचं ते टेबल हलवत बसतात दिवसभर, इकडून तिकडं. तुम्ही तोच आवाज ऐकला असेल."

"आधी का नाही सांगितलं?"

"बायोडाट्यात कुठं लिहायचं हे?" तो म्हणाला. "वडील, सध्या घरी? आज सांगणार होतोच. तुम्ही आधी विचारलं."

आज सांगणार होतोच, हे वाक्य मला आवडलं नाही. पकडलेला माणूस नेमकं हेच म्हणतो. पण मी अट पाळली.

पुतणीनं भज्यांची बशी बाजूला सारली. मग तिनं विचारलं, "आणि तो गॉगलवाला कोण?"

आता तो पहिल्यांदा हसला. "माझे मामा. त्यांना आईनं तुमची चौकशी करायला अमरावतीला पाठवलं होतं. तुमच्या आई आणि आत्या बसमध्ये दिसल्या तेव्हा त्यांनी मूर्तिजापूरहून आईला फोन केला. आई घाबरली. तिनं गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं, पाहुण्या येताहेत, चांगलं बोला. मग खिडकीतून त्या दोघी दिसल्या, तर बाजारात थांबलेल्या मामांना फोनवर म्हणाली, येताना आत बोलावून आणा, चहा तरी देऊ. ते धावले तर..." त्यानं माझ्याकडे चोरून पाहिलं.

"आमच्याबद्दल काय कळलं मामांना?" पुतणीनं विचारलं.

तो सांगायला तयार होईना. तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा त्यानं मामांच्याच बोलीत सांगितलं. "घर तं चांगलं हाय, पन दुपारी पडदे ओढलेले रायतात अन आतून बाई किंचाळल्याचा आवाज येते. दुकानदार म्हने रोजचंच हाय. पोरीची एक आत्या हाय, लगन नाई केलं, कॉलेजात पोट्ट्याईले खून कसा करायचा थे शिकवते."

पुतणी इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मीही हसले, पण आतून चिडले होते. माझ्या घराबाहेर उभं राहून कुणीतरी माझीही सुरुवात पाहिली होती. पडदे, किंकाळ्या, एकटी बाई. त्यातलं काहीही खोटं नव्हतं. परतीच्या गाडीत मी पुतणीला म्हटलं, "तो आज सांगणारच होता, यावर तुझा विश्वास बसतो?"

"अर्धा," ती म्हणाली. "उरलेला त्यांच्या घरी जाऊन बघते."

मग सगळे मिळून, उघडपणे, जठारपेठेत गेलो. मामांनी गॉगल काढून वहिनीला नमस्कार केला. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून उजेड सोसत नाही, म्हणाले. पिशवीत काय होतं, हे वहिनीनं विचारलंच. बहिणीसाठी संत्री होती, खाली ठेवली असती तर दबली असती. पुतणीनं मुलाला सांगून वडिलांना खाली बोलावलं. ते आले, दाराजवळच्या खुर्चीवर बसले. उंच, वाळलेले, धुतलेला पांढरा सदरा. चहाच्या वेळी मुलाची आई त्यांच्याकडे न पाहता मुलाला म्हणाली, "त्यांना विचार, साखर चालेल का."

"चालेल म्हणा," ते मुलाला म्हणाले.

पुतणी त्या बाईंकडे बघत होती, वडिलांकडे नाही. घरी आल्यावर तिनं होकार दिला. कारण विचारलं तर म्हणाली, "त्या बाईसोबत मला राहता येईल." आणि एक सांगून ठेवलं, लग्नपत्रिकेवर मुलाच्या आईचं आणि वडिलांचं, दोघांचं नाव पाहिजे.

त्या उन्हाळ्यात लग्न झालं. स्टेजवर मुलाचे आईवडील शेजारी उभे राहिले, मध्ये एक माणूस मावेल इतकी जागा ठेवून. वहिनी जेवणाच्या पंगतीतसुद्धा मुलाच्या वडिलांवर नजर ठेवून होती. मला म्हणाली, "मानूस वाईट नाई वाटत. पन गेला काहून अन आला काहून, हे कोनी सांगून नाई राहिलं." मी पुतणीला विचारून पाहिलं. तिलाही माहीत नाही. "आई विचारत नाहीत, मग मी का विचारू?" तिच्या तोंडी सासूसाठी 'आई' हा शब्द इतक्या लवकर आलेला पाहून वहिनी उठून पाणी प्यायला गेली.

या थंडीत मी पुतणीकडे राहून आले. निघताना नवरा-बायको कामावर होते, म्हणून मला बसस्टँडवर सोडायला तिचे सासरेच ऑटोत बसले. माझी बॅग त्यांनी मला उचलू दिली नाही. वाटेत म्हणाले, "तुमी पिक्चर शिकवता म्हने."

"हो."

"मले नाई जमत. अंधारात बसवत नाई." एवढंच. मग थंडीचं बोलले, हरभऱ्याचं बोलले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. सरळ, उन्हातला, काहीही न लपवणारा चेहरा. त्यानं मला काहीच सांगितलं नाही.

त्यांनी मला गाडीत बसवलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली. गाडी सुटताना मी मागे पाहिलं. घरी परत जाणाऱ्या ऑटोकडे न जाता ते चौकशीच्या खिडकीशी उभे होते, वाकून आतल्या माणसाला काहीतरी विचारत होते. गाड्यांच्या वेळा विचारत असावेत. कुठल्या गावाच्या, ते ऐकू येणं शक्य नव्हतं.

मी पुतणीला लगेच फोन केला. ती पेशंटजवळ होती. "असेल काहीतरी काम, आत्या," म्हणाली, पण तिचा आवाज थोडा हळू झाला. मूर्तिजापूर गेलं, बदनेरा आलं, मी फोन हातातच धरून बसले होते. घरी पोचून वहिनीला सांगावं की नाही, हे मला ठरवता येईना.

मी फाटक उघडत असताना पुतणीचा फोन आला. "आले घरी. पालकाची जुडी घेऊन आले."

"विचारलंस का, कुठली गाडी बघत होते?"

"नाही," ती म्हणाली. मागे तिच्या सासूचा आवाज येत होता, मीठ कुठं ठेवलं म्हणून. "आई बोलावताहेत. ठेवते."